स्वमग्न कीं विषयमग्न ?

मनुष्याचें मन एखाद्या गोष्टीला चिकटून बसलें म्हणजे त्या अवस्थेला काय म्हणावें, ह्याबद्दल आमच्या भाषेनें फार बारीक विचार केलेला दिसतो. छंद, नाद, ध्यास, सोस, खूळ, वेड, व्यसन असे एकाहून एक निराळे शब्द तिनें घडवून ठेविले आहेत. आणि त्यांतील प्रत्येक शब्दांत अवस्थेच्या वर्णनाबरोबर एक निकालहि दिलेला असतो. बागेचा छंद असतो, पत्त्यांचा नाद असतो. विद्येचा ध्यास असतो, दागिन्यांचा सोस असतो. जुन्या नाण्यांपायीं ज्यानें घरची जमीन विकली त्याला त्याच्या हयातींत लोक खुळा म्हणतात, आणि त्याच्या मागें तीं नाणीं वस्तुसंग्रहालयांत गेलीं म्हणजे त्याच खुळाला व्यासंग हें भारदस्त नांव मिळतें. मनाची चिकटण्याची क्रिया सर्वत्र एकच. तिचें नांव मात्र ती कोठें चिकटली आणि तिच्यापासून इतरांना काय मिळालें ह्यावरून ठरतें. हा निवाडा न्याय्य आहे काय, असा प्रश्न आम्हांला अलीकडे एका मुलामुळें पडला. तो वाचकांपुढें मांडावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हा मुलगा आमच्या परिचयाच्या एका पुणेकर कुटुंबांतला असून आज नऊ वर्षांचा आहे. तो पांच वर्षांचा असतांना तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. आजोबांच्या ट्रंकेंत सांपडलेलें रेल्वेचें एक जुनें वेळापत्रक ही त्याची सर्वांत प्रिय वस्तु होय. घरीं पाहुणा आला तर तो त्याचें नांव विचारीत नाहीं. कोणत्या गाडीनें आलांत, हें विचारतो. पाहुणा एस. टी. नें आलेला असला तर संभाषण तेथेंच संपतें. परंतु गाडीनें आलेला असला तर त्याची गाडी कोठें किती मिनिटें थांबते हें मुलगा त्याला बिनचूक सांगतो, आणि सांगतांना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो. त्याची आजी रोज संध्याकाळीं भाजी निवडावयास बसली कीं तो तिच्याजवळ येऊन बसतो. आजी म्हणते, "हडपसर, लोणी, यवत..." मुलगा लगेच ओरडतो, "उरुळी ! उरुळी राहिली, आजी !" "अरे हो, विसरलेंच कीं मी," असें म्हणून आजी पुन्हा हडपसरपासून प्रारंभ करते. आजी ती उरुळी मुद्दाम विसरते, हें घरांतील इतरांच्या ध्यानांत यावयास एक वर्ष लागलें.

गेल्या वर्षीं चाचणी परीक्षेंत मुलाला गुण कमी पडले. मुलाला गाड्यांचें एवढें वेड आहे तर त्याचा उपयोग करून घ्यावा, अशी सूचना वडिलांना शाळेंतून मिळाली. त्यांनीं वेळापत्रक कपाटांत कुलुपबंद केलें, आणि दहा गणितें सोडविलीं म्हणजे दहा मिनिटें पुस्तक, असा नियम घातला. पहिला आठवडा मुलानें नियम पाळला. पुढें गणितें तो करी, पण पुस्तक मागेनासा झाला. मग संध्याकाळीं आजीजवळ येऊन बसेनासा झाला. रात्रीं त्याची झोंप कमी झाली. पुढच्या चाचणींत गुण वाढले. वडिलांनीं हें सर्व आम्हांला स्वतःच सांगितलें आणि शेवटीं म्हणाले, "मुलगा अभ्यास करूं लागला, पण बोलेनासा झाला." ते दुष्ट गृहस्थ नाहींत. आपल्यापैकीं बहुतेकांनीं त्यांच्या जागीं हेंच केलें असतें, आणि म्हणूनच ह्या गोष्टीचा विचार अवश्य आहे.

प्रथम त्या 'स्वमग्न' शब्दाकडे वळूं. ऑटिझम हा मूळ शब्द ग्रीक भाषेंतील 'स्वतः' ह्या अर्थाच्या पदावरून स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर ह्यांनीं बनविला व १९११ सालच्या आपल्या ग्रंथांत एका निराळ्याच मनोविकाराच्या वर्णनासाठीं वापरला. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें लिओ कॅनर ह्यांनीं अकरा मुलांचें वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि हा शब्द त्या मुलांना लावला. ह्यापूर्वींच १९२५-२६ च्या सुमारास मॉस्को येथें ग्रुन्या सुखारेवा ह्या विदुषीनें सहा मुलग्यांचें असेंच निरीक्षण लिहून ठेविलें होतें. परंतु त्याकडे जगाचें लक्ष फार उशिरां गेलें. आमच्याकडे मूळ शब्दाचें भाषांतर होऊन 'स्वमग्न' हा शब्द रूढ झाला. शब्द सुटसुटीत आहे, पण आम्हांला तो खरा वाटत नाहीं. आमचा वर वर्णिलेला मुलगा स्वतःमध्यें मग्न आहे, असें कोण म्हणेल ? स्वतःचें नांव, स्वतःचे कपडे, स्वतःचा वाढदिवस ह्यांचें त्याला फारसें अगत्य नाहीं. त्याचें मन सदैव स्वतःबाहेर, लोहमार्गावर असतें. स्वतःचा विसर पडून बाह्य वस्तूंत मन विरून जाणें ह्याला आमच्या पूर्वजांनीं निराळें नांव दिलें असतें. ह्या मुलाला एक शब्द द्यावयाचा असेल तर तो 'विषयमग्न' हा होय.

शास्त्रीय ग्रंथांतहि ह्या गोष्टीची नोंद आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथाच्या पांचव्या आवृत्तींत, तीव्रतेनें असाधारण अशा मोजक्याच विषयांची ओढ, हें ऑटिझमच्या लक्षणांपैकीं एक म्हणून दिलें आहे. म्हणजे जो गुण इतरत्र एकाग्रता म्हणून वाखाणला जातो तो येथें दोषांच्या यादींत येऊन बसला. ह्याच्या उलट दिशेनें विचार करणारेहि लोक आहेत. डायना मरे, माइक लेसर व वेन लॉसन ह्या तिघांनीं २००५ सालीं एक उपपत्ति मांडली. तिचा आशय आम्ही आमच्या देशावरील दृष्टांतानें सांगतों. मनुष्याचें अवधान हें विहिरीच्या पाण्यासारखें मोजकेंच असतें. सामान्य माणसाच्या मनांत तें अनेक लहान पाटांनीं सगळ्या शेतांत थोडें थोडें खेळतें. ह्या लोकांच्या मनांत तें बहुतेक सारें एकाच खोल पाटानें वाहतें. त्या पाटावरील पीक जोमदार येतें, इतर वाफे कोरडे राहतात, आणि कोणीं मध्येंच फावडें घालून पाट फोडला तर पाणी दुसऱ्या वाफ्यांत न जातां रानोमाळ वाहून जातें. आमच्या स्नेह्याच्या घरीं हेंच झालें, असें आम्हांला वाटतें. गणिताच्या वाफ्याला थोडें पाणी लागलें. बाकीचें कोठें गेलें ह्याचा पत्ता नाहीं.

ह्या मुलांच्या जोडीला दुसराहि एक वर्ग आहे. ज्या अवस्थेला डॉक्टर एडीएचडी म्हणतात आणि मराठींत जिचें नांव अवधानन्यूनता व अतिचंचलता असें करितात, त्या अवस्थेंतील मुलें व प्रौढ माणसें ह्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. १९८० सालीं अमेरिकन ग्रंथांत अवधानाची उणीव हें नांव रूढ झालें. परंतु तें नांवहि फसवेंच आहे. ह्या लोकांजवळ अवधान कमी नसतें. तें त्यांच्या हुकमांत नसतें. वीजबिलाची मुदत आज संपते हें ठाऊक असून तें भरावयास मन उठत नाहीं. आणि तोच मनुष्य एखाद्या नव्या विषयानें पछाडला कीं रात्रीचे तीन वाजेपर्यंत जेवणखाण विसरून बसतो. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे एवढ्यानें त्याचें मन हलत नाहीं. ती मनोवेधक, नवी किंवा निकडीची असावी लागते. शिवाय स्वमग्न म्हटलेल्या मुलाचा विषय पुष्कळदां वर्षानुवर्षें टिकतो, तर ह्यांचा कित्येकदां महिन्या-दीड महिन्यांतच विझतो. घरांत एक सतार, एक कॅमेरा, अर्धी विणलेली शाल आणि जपानी भाषेचीं तीन पुस्तकें पडून राहतात. एकाच व्यक्तीच्या ठिकाणीं ह्या दोन्ही अवस्था असूं शकतात, आणि २०१३ पासून अमेरिकन निदानग्रंथानेंहि दोन्ही निदानें एकत्र करण्यास मोकळीक दिली. ज्याला हें कळत नाहीं तो पहिल्याला हट्टी आणि दुसऱ्याला आरंभशूर म्हणून मोकळा होतो.

मुलींच्या बाबतींत तर निदानच पुष्कळदां होत नाहीं. मुलीचा विषय कादंबऱ्या, प्राणी, एखादी गायिका असा असला म्हणजे तो चारचौघींसारखाच दिसतो; त्यांतील ओढीची खोली कोणी मोजीत नाहीं. ती शांत आहे, वाचते, त्रास देत नाहीं, म्हणून सर्व संतुष्ट असतात. आणि मोठेपणीं आपण इतरांहून निराळ्या कां, हें तिचें तिलाच शोधावें लागतें.

आतां मुख्य नैतिक प्रश्नाकडे येऊं. अशा ओढीची योग्यता कशावरून ठरवावी ? बहुतेक सुशिक्षित लोक ह्याचें उत्तर तात्काळ देतील : फळावरून. आणि ह्या उत्तराच्या समर्थनार्थ उदाहरणेंहि पुष्कळ आहेत. १९४७ सालीं जन्मलेल्या टेंपल ग्रँडिन ह्या अमेरिकन विदुषी स्वतः ऑटिझम असलेल्या. वयांत येत असतां त्यांनीं ॲरिझोनांत नात्यांतल्या एका बाईंच्या कुरणावर गुरांना दोहों बाजूंनीं दाबून धरणारा सांपळा पाहिला. त्यांत शिरलेलीं कांहीं जनावरें शांत होतात हें पाहून त्यांनीं स्वतःसाठीं तसें एक यंत्र बनविलें व त्यांत शिरून त्या आपल्या मनाची धडधड शमवूं लागल्या. हें विचित्र यंत्र काढून टाकावें असें कित्येकांचें मत पडलें. परंतु त्यांचे विज्ञानाचे शिक्षक कार्लॉक ह्यांनीं तें काढून न घेतां, दाबानें शांति कां वाटते ह्याचा शास्त्रीय शोध घे, असें त्यांना सुचविलें. त्या वाटेनें ग्रँडिन पुढें पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या, आणि जनावरांना कमी भय वाटावें अशा त्यांच्या योजना अमेरिकेंत ठिकठिकाणीं अमलांत आल्या.

आमच्याकडेहि अशा ध्यासाचा गौरव होतोच. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधांत गांवोगांव फिरले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचे बावीस खंड सिद्ध झाले. पुण्यांतील दिनकर केळकर ह्यांनीं दिवे, अडकित्ते, वाद्यें, कोरीव दरवाजे जमवितां जमवितां घर भरून टाकलें, आणि आज तो संग्रह पाहण्यासाठीं लोक तिकिट काढतात. ह्या थोर पुरुषांना आम्ही मागाहून एखादें निदान चिकटवीत नाहीं. गेलेल्या माणसांच्या स्वभावावर वैद्यकीय शिक्के मारण्याची हल्लींची हौस आम्हांला पसंत नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, फळ दिसलें म्हणजे समाज ध्यासाला वंदन करितो.

परंतु फळ न दिसलें तर ? ह्या प्रश्नाला इतिहासानें दिलेलें एक उत्तर फार भयंकर आहे, आणि तें ह्याच विषयाच्या इतिहासांत आहे. १९४४ सालीं व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर ह्या डॉक्टरांनीं चार मुलांचें वर्णन करणारा प्रबंध प्रसिद्ध केला. एकाच विषयांत गढलेल्या, मोठ्या माणसांसारखें बोलणाऱ्या अशा मुलांविषयीं त्यांनीं मोठ्या आपुलकीनें लिहिलें. ह्या मुलांचा एकमार्गी ध्यास हा पुढें त्यांना एखाद्या विद्येंत वा व्यवसायांत उच्च स्थानीं नेऊं शकतो, समाजाला त्यांचा उपयोग आहे, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. ह्या लिखाणामुळें त्यांचें नांव पुढें अनेक वर्षें ह्या मुलांचा कैवारी म्हणून घेतलें जाई. परंतु २०१८ सालीं हेर्विग चेक ह्या व्हिएन्नाच्या इतिहाससंशोधकानें त्या काळचीं कागदपत्रें तपासून जें प्रसिद्ध केलें त्यावरून निराळीच गोष्ट उघड झाली. नाझी राजवटींत व्हिएन्नांत श्पीगलग्रुंड नांवाची एक संस्था होती. जीं मुलें सुधारणार नाहींत, समाजाला निरुपयोगी आहेत असें ठरे, त्यांना तेथें औषधें देऊन व उपासमार करून मारलें जाई. १९४० ते १९४५ ह्या काळांत तेथें ७८९ मुलें मृत्यु पावलीं. तेथें मुलांना पाठविण्याच्या शिफारशी करणाऱ्यांत आस्पेर्गर ह्यांचीहि सही आढळते. त्यांनीं पाठविलेल्या दोन लहान मुली तेथें मरण पावल्या.

एकाच हातानें एका मुलाची कैफियत आणि दुसऱ्या मुलाची पाठवणी लिहिली गेली. ह्यांत वरवर विसंगति दिसते. पण थोडा विचार केला तर दोहोंच्या मुळाशीं एकच माप आहे असें दिसून येईल. ह्या मुलाचा उपयोग आहे, म्हणून ह्याला जपा, ह्या वाक्यांतच, ज्याचा उपयोग नाहीं त्याला जपण्याचें कारण नाहीं, हें दुसरें वाक्य दडलेलें असतें. सुसंस्कृत काळांत तें दडलेलें राहतें. राजसत्ता दुष्ट झाली म्हणजे तें मोठ्यानें वाचलें जातें. आज आम्ही कोणत्याहि मुलाला श्पीगलग्रुंडला पाठवीत नाहीं, हें खरें. परंतु तुमच्या मुलाला गाड्यांचें वेड आहे, म्हणजे तो उद्यां मोठा इंजिनियर होईल, असें म्हणून आम्ही त्या आईचें सांत्वन करूं लागतों तेव्हां तेंच माप आमच्याहि हातांत असतें. तो इंजिनियर झाला नाहीं तर ? चाळिसाव्या वर्षींहि तो दौंडच्या मार्गावरील स्टेशनें म्हणत बसला, आणि त्यापलीकडे त्याच्या हातून कांहींच झालें नाहीं, तर त्याचा आजचा आनंद खोटा ठरेल काय ? आमच्या मतें ठरणार नाहीं. त्या आनंदानें जगांतील कोणाचेंहि देणें बुडविलें नाहीं. मग त्यानें जगापुढें हिशेब कां द्यावा?

मग ह्या ओढीचें मोल कशांत आहे ? ह्याचें उत्तर एका बापानें लिहून ठेविलें आहे. रॉन सस्किंड हे अमेरिकेंतील नामांकित पत्रकार. त्यांचा धाकटा मुलगा ओवेन तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास एकाएकीं बोलेनासा झाला. त्याला ऑटिझम असल्याचें निदान झालें. तो एक करी : डिस्नेचीं व्यंगचित्रपटें पुनःपुन्हा पाही. साडेसहा वर्षांचा असतां, थोरल्या भावाच्या नवव्या वाढदिवसाच्या दिवशीं, भाऊ उदास झालेला पाहून तो एकदम म्हणाला कीं, मोगली किंवा पीटर पॅन ह्यांच्याप्रमाणेंच ह्यालाहि मोठें व्हावयाचें नाहीं. ज्या मुलाला आपलें बोलणें कळतें कीं नाहीं ह्याचीच घरांत शंका होती, त्यानें भावाचें मन असें वाचलें होतें. त्या रात्रीं बापानें 'अलादीन' चित्रपटांतील पोपटाची बाहुली हातांत घातली, पांघरुणाआड लपून पोपटाच्या आवाजांत मुलाला विचारलें कीं, तुझें कसें काय चाललें आहे ? मुलानें पोपटाला उत्तर दिलें : आपण सुखी नाहीं, आपल्याला मित्र नाहींत. अनेक वर्षांतलें बापलेकांचें तें पहिलें संभाषण. २०१४ सालीं सस्किंड ह्यांनीं ही सर्व हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली.

ज्याला आपण कुलूप समजत होतों तेंच दार होतें, असा ह्या हकीकतीचा इत्यर्थ आहे. ह्या मुलांना जग फार मोठें, फार गोंगाटाचें व बेभरंवशाचें वाटतें. कोणता माणूस केव्हां हंसेल व केव्हां रागावेल ह्याचा नियम त्यांना सांपडत नाहीं. अशा स्थितींत लोणीनंतर उरुळी येतेच, हा एक न बदलणारा नियम त्यांच्या हातीं लागतो, आणि त्याला धरून तीं उरलेल्या जगाकडे पाहूं लागतात. त्या संध्याकाळच्या खेळांत आजी आणि नातू ह्यांच्यामध्यें जें चालत होतें तें केवळ स्टेशनांचें पाठांतर नव्हतें. तें त्या दोघांचें बोलणें होतें. उरुळी विसरणें ही आजीची थट्टा, आणि ती सांगणें ही नातवाची माया. वडिलांनीं वेळापत्रकाला कुलूप लाविलें तेव्हां त्यांच्या कल्पनेप्रमाणें त्यांनीं खेळणें काढून घेतलें. वास्तविक त्यांनीं भाषा काढून घेतली. आणि भाषेचे दहा दहा मिनिटांचे तुकडे करून ते गणितांच्या मोबदल्यांत विकतां येत नाहींत. आपल्या प्रीतीच्या वस्तूवर दुसऱ्याचा ताबा आहे, आणि ती आज्ञापालनाचा दर देऊनच मिळते, हें ज्या मुलाला कळतें तें शेवटीं प्रीति करणेंच सोडून देतें. कारण तोच एक सुरक्षित मार्ग त्याला उरतो. कार्लॉक गुरुजी व हे वडील ह्यांच्यामधील अंतर येथें आहे. गुरुजी मुलीच्या विषयांत स्वतः शिरले आणि तेथून पुढची वाट दाखविली. वडिलांनीं विषय बाहेर काढून त्याचें आमिष केलें.

येथें कोणी सुज्ञ वाचक म्हणेल कीं, हें सर्व मान्य केलें तरी ओढीला मर्यादा नको काय ? अवश्य हवी. न्यूयॉर्कच्या डेरियस मॅकॉलम ह्याची हकीकत ह्या बाबतींत विचार करण्यासारखी आहे. त्याला लहानपणापासून भुयारी रेल्वेचा असा ध्यास कीं, तेथील कामगारांच्या ओळखीनें तो सर्व काम शिकला, आणि १९८१ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्यानें प्रवाशांनीं भरलेली गाडी स्वतः चालविली. त्यानंतर गाड्या व बसेस परवानगीवांचून चालविल्याबद्दल तो तीसएक वेळां पकडला गेला, आणि आयुष्याचा फार मोठा भाग त्यानें तुरुंगांत काढला. पैशांसाठीं त्यानें हें कधीं केलें नाहीं. पुढें त्याला ऑटिझमच्या वर्गांतील निदानहि झालें. आतां, परक्याची गाडी चालविणें हा अपराध होय, आणि प्रवाशांच्या जिवाशीं खेळण्याचा अधिकार कोणाच्याहि ध्यासाला नाहीं. परंतु ज्या माणसाला गाड्यांवांचून दुसरें कांहीं नको होतें, त्याच्यासाठीं शहरांतील अवाढव्य वाहतूक-व्यवस्थेंत योग्य देखरेखीखालीं एखादें लहानसें काम सांपडलें नाहीं, आणि तुरुंगाची खोली मात्र पुनःपुन्हा सांपडली, ह्यांत सगळा दोष त्याच्याच पदरांत घालतां येईल काय ?

ओढीच्या मर्यादा आम्ही अशा मानतों. तिनें दुसऱ्याला इजा होऊं नये. तिनें स्वतःच्या देहाची नासाडी होऊं नये. जेवण, झोंप, औषध ह्यांची आठवण देणें हें घरच्यांचें कर्तव्यच आहे. आणि ऐकणारा थकला आहे हेंहि ऐकविणाऱ्याला हळूहळू शिकवावें. घरांतील बहिणीलाहि स्वतःचें बोलणें असतें, आईच्याहि डोक्याला विश्रांति हवी असते. ही शिकवण प्रेमानें आणि स्पष्ट शब्दांत द्यावी. तोंड वांकडें करून दिलेली सूचना ह्या मुलांना कळत नाहीं. परंतु ह्या मर्यादा ह्या मुलांसाठीं खास काढलेल्या नाहींत. क्रिकेटच्या सामन्यापायीं दिवसभर कोणाशीं न बोलणाऱ्या काकांना आणि शेअरबाजाराच्या आंकड्यांतून मान वर न काढणाऱ्या बंधूंनाहि त्या तितक्याच लागू आहेत. एकाच नियमाचें पालन मुलाकडून कुलूप लावून करवावयाचें आणि काकांना चहा नेऊन द्यावयाचा, ह्याला न्याय म्हणतां येत नाहीं.

आरंभशूर म्हणविल्या जाणाऱ्यांचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. ज्याची ओढ महिन्याभरांत विझते त्यानें इतरांना दिलेल्या वचनांचें काय ? वचन मोडलें तर दुसऱ्याचें नुकसान होतें, आणि माझें मन असेंच आहे एवढें सांगून तें भरून निघत नाहीं, हें आम्ही मान्य करितों. असा मनुष्य आपलें मन ओळखून वचनें बेतानें देईल, घरच्यांची मदत, घड्याळाचा गजर, डॉक्टरांचें औषध ह्यांचा आधार घेईल, तर तो आपलें कर्तव्य करितोच आहे. परंतु ज्या गोष्टींत कोणालाहि वचन दिलेलें नव्हतें, म्हणजे ती सतार, ती शाल, ती जपानी भाषा, त्या अर्ध्यावर टाकल्याबद्दल त्यानें जन्मभर शरमून कां राहावें ? सहा आठवडे त्यानें सतार मनापासून वाजविली. जी गोष्ट संपली ती झालीच नाहीं असें थोडेंच आहे ? सहलीला गेलेला मनुष्य परत आला म्हणून सहल फुकट गेली, असें कोणी म्हणत नाहीं. 'इच्छाशक्ति नाहीं' हा ठपका ह्या लोकांनीं बालपणापासून इतक्यांदा ऐकलेला असतो कीं, पुढें नवा आनंद आला म्हणजे त्यांना प्रथम भयच वाटतें. ही शिक्षा अपराधाच्या मानानें फार मोठी आहे.

एकाग्रतेचें कौतुक आमच्या परंपरेला परकें नाहीं. झाड, फांदी, पक्षी ह्यांपैकीं कांहींएक न दिसतां केवळ पक्ष्याचा डोळा दिसतो, असें सांगणाऱ्या अर्जुनाला द्रोणाचार्यांनीं शाबासकी दिली. परंतु अर्जुनाचें लक्ष्य गुरूनें नेमून दिलेलें होतें. स्वतःच्या मनानें निवडलेल्या वस्तूकडे तितक्याच एकाग्रतेनें पाहणाऱ्याला काय म्हणावें, हें सांगणारी कथा भागवतांत आहे. जडभरताला लोक मंद व निर्बुद्ध समजत. राजा रहूगणाच्या पालखीला त्याला जुंपलें तेव्हां पालखी हेलकावे खाऊं लागली, आणि राजा त्याला टाकून बोलला. तो नीट चालत नव्हता ह्याचें कारण, वाटेंतील जीवजंतु पायाखालीं येऊं नयेत म्हणून तो जमिनीकडे पाहून पावलें टाकीत होता. पालखींत बसलेल्याला तें दिसणें शक्यच नव्हतें. पुढें भरताचें बोलणें कानीं पडलें तेव्हां राजा खालीं उतरला आणि त्याचें म्हणणें ऐकूं लागला. ह्या कथेवरून प्रत्येक विषयमग्न मूल ज्ञानी असतें असा अर्थ कोणी काढूं नये. तोहि फळाचाच हिशेब होईल. आम्ही एवढेंच घेतों कीं, खालीं उतरणें हें राजाचें काम होतें.

आमच्या स्नेह्यांनीं गेल्या दिवाळीच्या सुटींत वेळापत्रक कपाटांतून काढून मुलाच्या उशाशीं ठेविलें. दोन दिवस त्यानें त्याला हात लाविला नाहीं. तिसऱ्या दिवशीं वडील त्याला घेऊन पुणें स्टेशनावर गेले आणि दोघे दौंडला जाणाऱ्या, सर्वत्र थांबणाऱ्या गाडींत बसले. मुलगा संबंध प्रवासांत एक शब्द बोलला नाहीं. खिडकींतून पाट्या वाचीत राहिला. वडिलांनींहि कांहीं विचारलें नाहीं. रात्रीं घरीं परतल्यावर तो आजीजवळ येऊन बसला आणि त्यानें आपण होऊन सांगितलें कीं, यवत आणि केडगांव ह्यांच्यामध्यें खुटबाव आहे, केडगांवच्या पुढें कडेठाण आहे, आणि हीं दोन्ही स्टेशनें आपल्या पुस्तकांत नाहींत. आजी म्हणाली, "मग लिहून ठेव कीं." त्यानें वडिलांकडे पेन्सिल मागितली, आणि वडिलांनीं ती दिली.